जुन्या खाणींतली विसरलेली स्फोटकं : नावं गोळा करते आहे, मदत हवी

चंद्रपूरकरीण

माझे बाबा कोळशाच्या खाणीत शॉटफायरर होते. भोकं पाडून झाली की त्यांत बार भरायचे, सगळ्यांना लांब पाठवायचं, आणि मग उडवायचं. आमच्या क्वार्टरमध्ये "आज किती बार?" हा प्रश्न "जेवलात का?" इतकाच रोजचा होता. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची एक वही सापडली. तिच्यात स्फोटकांची नावं लिहिलेली आहेत, काही माहितीची, काही अजिबात न ऐकलेली. त्यांचा माग काढता काढता मी एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचले, आणि आता तिथून निघवत नाही.

ब्रिटनमध्ये १८७५ साली स्फोटकांचा कायदा झाला. स्फोटकांचे पहिले मुख्य निरीक्षक व्हिव्हियन मजेंडी. त्यांच्या खात्याच्या अहवालांत नावांचा पाऊस आहे. रोबुराइट, बेलाइट, टोनाइट, सेबॅस्टिन, लिथोफ्रॅक्टर, ड्युअलिन, कार्बोनाइट. प्रत्येक नावामागे एक कारखाना, एक पेटंट, काही खाणी, आणि बहुतेक वेळा एक अपघात. मला मराठीत यांची नीट नोंद करायची आहे : कुठे वापरलं, कशासाठी आणलं, का सोडून दिलं. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. का सोडलं ते कळलं की ते वापरणाऱ्या माणसाचं काय होत होतं तेही कळतं.

एक विनंती आधीच करते. कशात काय किती घालायचं, हे इथे कुणी लिहू नका. मला तो इतिहास नको आहे.

सुरुवात मी करते. खाणीत बंदुकीची दारू पहिल्यांदा वापरली गेली ती ८ फेब्रुवारी १६२७ रोजी, शेमनिट्झ इथे, कास्पार वाइंडल या माणसाच्या हातून. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे, बान्स्का श्टियाव्निका. त्याआधी खडक तापवायचा आणि तडकवायचा हाच मार्ग होता. आपल्याकडे राजस्थानातल्या झावर आणि कर्नाटकातल्या हट्टीच्या प्राचीन खाणींतही तेच करत.

---

शब्दवेल्हाळ

धागा फार आवडला. १६२७ ही तारीख बहुतेक पुस्तकांत पहिली म्हणून येते, कारण तिची लेखी नोंद आहे. पण ती पहिली नसावी. फ्रान्समध्ये व्होज डोंगरातल्या ल तियो इथे १६१७ पासून दारू वापरल्याचे पुरावे आहेत, आणि इटलीत विचेन्झाजवळच्या स्कियो इथे त्याही आधी, १५७४ च्या सुमाराला, मार्तिनेंगो नावाच्या माणसाने ती वापरल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे. तेव्हा वाइंडलला "नोंद असलेला" म्हणा, "पहिला" नको.

आता माझ्या आवडीचं. "सुरुंग" हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात "सुरुङ्गा" असा आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे भुयार. तो ग्रीक "सिरिंक्स"वरून आला असं मानतात. सिरिंक्स म्हणजे नळी, बासरी. म्हणजे ज्या पोकळीत आपण स्फोटक भरतो तिचं नाव आपण स्फोटकालाच देऊन टाकलं. हिंदीत आजही सुरंग म्हणजे बोगदासुद्धा. मराठीत मात्र "सुरुंग लावला" म्हटलं की कानात धमाकाच होतो.

---

चंद्रपूरकरीण

दुरुस्ती मान्य, मूळ नोंदीत बदल करते. आणि सुरुंगाची बासरी मला ठाऊकच नव्हती!

---

बोरघाट_प्रेमी

आमच्या खंडाळ्याकडे जुनी माणसं सांगायची की बोरघाटातले रेल्वेचे बोगदे डायनामाइटने फोडले. याची नोंद यादीत घ्याल का? २५ बोगदे आहेत, त्यांतले काही आजही पायी फिरताना जवळून दिसतात.

---

चंद्रपूरकरीण

घेते, पण डायनामाइट म्हणून नाही. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला घाट वाहतुकीला खुला झाला. डायनामाइटचं पेटंट १८६७ चं. तोवर घाट पुरा होऊन चार वर्षं झाली होती. तो सगळा बेसाल्ट काळ्या दारूने फोडला आहे. सोरा, गंधक, कोळसा. आपल्या किल्ल्यांवरच्या दारूकोठारांत असायची तीच.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. काळी दारू खडकाचा चुरा करत नाही, ती ढकलते. बेसाल्टसारख्या दगडात तिच्याकडून काम करून घ्यायचं तर भोकं खूप पाडावी लागतात, आणि ती सगळी पहार आणि घणाने, हाताने. कड्यावर काही ठिकाणी माणसं दोरांनी लोंबकळून भोकं पाडत होती. ऐन जोरात काम असताना ४० हजारांवर मजूर घाटात होते. पटकीने किती गेले आणि दगडाखाली किती, याचा हिशेब लावायला बसलं की हात थांबतो. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव इतिहासात आहे. दोरावरच्या माणसांचं एकही नाही.

---

माणदेशी

आमच्याकडे ७२ च्या दुष्काळात विहिरी खोदल्या तेव्हाचं आठवतं. मी नऊ-दहा वर्षांचा. सुरुंगवाले वडार होते, त्यांतल्या एकाला आम्ही मामा म्हणायचो. मामा भोकात कांडी सारायचे, वर माती घालून लाकडी दांड्याने हळू हळू ठासायचे. लोखंडी पहार जवळ असली तरी ठासायला कधी घेत नसत. वात पेटवली की "बार हाय रं, बार हाय" अशी आरोळी, आणि दोराला धरून वर. सगळी पोरं बाभळीमागे.

एकदा चार बार भरले आणि तीनच उडाले. मामा म्हणाले, उद्यापर्यंत कुणी उतरायचं नाही. ज्याचा ठेका होता तो ऐकेना, रोजगार बुडतो म्हणाला. दुसऱ्या एकाला उतरवलं. त्याचा हात मनगटापासून गेला. मामा त्या दिवसानंतर आमच्या गावात कामाला आले नाहीत.

कांडीला सगळे "जिलेटिन" म्हणायचे. ते नाव कुठून आलं?

---

रसायनी

जिलेटिन हे आल्फ्रेड नोबेलचं देणं. थोडं मागून सांगतो.

नायट्रोग्लिसरीन १८४७ च्या सुमाराला तुरिनमध्ये आस्कानियो सोब्रेरोने शोधलं. त्याला त्याची इतकी धास्ती वाटली की ते वापरात यावं असं त्याला वाटतच नव्हतं. नोबेलने ते खाणीत आणलं, "स्फोटक तेल" म्हणून, पातळ रूपातच. ३ सप्टेंबर १८६४ ला स्टॉकहोमजवळ हेलेनेबोर्गच्या शेडमध्ये स्फोट झाला, त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला. तरी तेल जगभर जात राहिलं. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर एक जहाज उडालं आणि दोनच आठवड्यांत सॅन फ्रान्सिस्कोत मालवाहतूक कंपनीच्या आवारात एक गळकी पेटी. पेटीत काय आहे हे उघडणाऱ्यांना माहीतच नव्हतं.

१८६७ मध्ये त्याने ते तेल किझेलगुर नावाच्या सच्छिद्र मातीत मुरवलं, ते डायनामाइट. पण माती स्वतः जळत नाही, ती नुसतं वजन. शिवाय ओल लागली की तेल पुन्हा बाहेर झिरपायचं. म्हणून १८७५ मध्ये मातीऐवजी कोलोडियन नावाचा चिकट पदार्थ वापरून त्याने त्या तेलाचा लगदा बनवला. घट्ट, लवचीक, पाण्यात टिकणारा. दिसायला जेलीसारखा, म्हणून "ब्लास्टिंग जिलेटिन". खाण्याच्या जिलेटिनचा त्यात कणही नाही. आज बाजारात जे मिळतं त्यात नायट्रोग्लिसरीनही नाही, तरी बातम्यांमध्ये "जिलेटिनच्या कांड्या जप्त" असंच छापून येतं. पदार्थ दोनदा बदलला, नाव दीडशे वर्षं तिथेच.

---

निवृत्त_खाणमाणूस

ताई, तुमच्या बाबांच्याच धंद्यात मी १९६८ पासून होतो. मॅगझिनपासून, म्हणजे स्फोटकांच्या कोठारापासून, फेसपर्यंत, म्हणजे जिथे कोळसा फोडतात त्या भिंतीपर्यंत, सगळं पाहिलं आहे. काही गोष्टी सांगतो, त्या पुस्तकात मिळणार नाहीत.

मॅगझिनमध्ये पेट्या ठरावीक दिवसांनी उलट्या करून ठेवायच्या. कारण तेल खाली उतरतं. उन्हाळ्यात कांडीच्या कागदावर थेंब दिसला, कागद तेलकट लागला, की पेटी बाजूला. आम्ही म्हणायचो "कांडी घामेजली". थंडीत उलटं संकट. नायट्रोग्लिसरीन १३ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे तो त्रास क्वचित, पण युरोप-अमेरिकेत खाणकामगारांनी गोठलेल्या कांड्या शेगडीजवळ, चुलीवर, बुटात ठेवून ऊब दिली आणि घरंच्या घरं गेली. त्यासाठी मग दुहेरी भिंतीची भांडी आली, मधे गरम पाणी. ती आता संग्रहालयात दिसतात.

कोळशाच्या खाणीत आणखी एक गोष्ट. तिथे नुसतं फुटून चालत नाही, ज्वाळा थंड आणि आखूड पाहिजे, नाहीतर खाणीतला गॅस पेटतो. १८८० नंतर फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन सगळीकडे याच शोधात होते. तुमच्या यादीतलं कार्बोनाइट, रोबुराइट, बेलाइट ही सगळी त्या शर्यतीतली नावं. पुढे "परमिटेड" वर्ग आला, चाचणीतून पास झालेली. ज्वाळा निववायला त्यांत घालतात काय, तर मीठ. साधं मीठ. आमच्या वेळी पी-१, पी-३, पी-५ असे प्रकार होते. वहीत ते असणारच.

---

चंद्रपूरकरीण

आहेत! पी-५ समोर बाबांनी "मऊ" असं लिहिलंय, मला अर्थ लागत नव्हता. काका, वहीत आणखी एक शब्द आहे, "लॉक्स". शेजारी फक्त "पळा" लिहिलं आहे. काय असेल?

---

निवृत्त_खाणमाणूस

लॉक्स म्हणजे लिक्विड ऑक्सिजन. आणि "पळा" अगदी बरोबर लिहिलंय.

तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या एका उघड्या कोळसा खाणीत मी नवा असताना ते पाहिलं. कापडी पिशवीत कोळशाची पूड भरलेली, ती द्रवरूप ऑक्सिजनमध्ये भिजवायची. उणे १८३ अंश. भांड्यातून पिशवी काढली की तिच्यावर बर्फ धरायचा आणि पांढरी वाफ खाली जमिनीवर पसरत जायची. भर मे महिन्यात, ४५ अंशांत, पायाशी धुकं! जाड हातमोजे घातलेले दोघं ती भोकात सोडायचे. आणि मग खरी धावपळ. ऑक्सिजन उडून जात असतो, दर मिनिटाला बार कमजोर होत असतो. भोकं भरून, जोडून, लांब जाऊन उडवायचं, सगळं काही मिनिटांत. घड्याळ हातात घेऊन एक जण उभा असायचा.

एक गोष्ट मात्र मला फार आवडायची. बार उडालाच नाही तर थांबायचं. ऑक्सिजन उडून गेला की भोकात उरते फक्त कोळशाची पिशवी. माणदेशींनी लिहिलेला तो चौथा बार लॉक्सचा असता तर त्या माणसाचा हात राहिला असता.

---

हूझियर_मराठी

वाचून अंगावर काटा आला, कारण मी राहतो तो भाग याच लॉक्सचा. इंडियाना आणि इलिनॉयच्या उघड्या कोळसा खाणींत १९२० च्या दशकापासून ते वापरत. १९५३ मध्ये अमेरिकेत १० हजार टनांच्या वर लागलं, आणि १९६८ पर्यंत शून्य. पंधरा वर्षांत संपलं.

कल्पना जर्मनीची. कार्ल फॉन लिंडे, हवा द्रवरूप करण्याचं यंत्र बनवणारा, त्यानेच १८९५ ला हे शोधलं. नाव "ऑक्सिलिक्विट". पहिल्या महायुद्धात नायट्रेटचा सगळा साठा तोफांकडे गेला, खाणींना काही उरेना, तेव्हा जर्मनीत याला जोर आला. हवेतून स्फोटक काढायचं!

संपवलं कुणी तर खताने. १९५५ मध्ये इथल्याच एका कोळसा कंपनीतल्या रॉबर्ट एकर या माणसाने अमोनियम नायट्रेट खताचं स्वस्त स्फोटक आणलं, "एकरमाइट". ते नावही आज कुणाला आठवत नाही, कारण पुढे हेच तंत्र दुसऱ्या नावाने जगभर गेलं. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर त्या खाणींचे खड्डे आहेत. पाण्याने भरलेत, लोक मासे धरायला जातात. गेल्या रविवारी काठावर उभा राहिलो तर खडकात एका बाजूने उभ्या अर्धगोल खाचा दिसल्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर. भोकांचे अर्धे भाग. फोटो टाकतो.

---

माणदेशी

विहिरीत पण दिसतात त्या खाचा! आम्ही लहानपणी त्यांत पाय रोवून खाली उतरायचो.

---

रसायनी

यादीत एक असंही घाला, ज्यात काही पेटतच नाही. डर्बिशायरमधल्या शिपली कोळसा खाणीत १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला चुन्याच्या कांड्या वापरल्या. कळीचा चुना दाबून केलेली नळकांडी. भोकात भरायची, तोंड बंद करायचं, पंपाने पाणी सोडायचं. चुना फुगतो, वाफ होते, कोळशाची भिंत कडकडत सुटते. ज्वाळा नाही, धूर नाही, गॅस पेटायची भीती नाही. घराला चुना लावताना हौदात कळीचा चुना खदखदताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल. चाललं नाही, कारण फार हळू आणि ताकद कमी. पण ज्या माणसाच्या मनात हे आलं त्याने आधी खाणीतल्या माणसाचा विचार केला होता, असं मला मनापासून वाटतं.

आणि रॅकरॉक विसरू नका. हर्मान श्प्रेंगेलची कल्पना, १८७० च्या दशकातली : दोन पदार्थ वेगवेगळे न्यायचे, एकेकटे ते स्फोटक नाहीत, कामाच्या जागीच एकत्र आणायचे. १० ऑक्टोबर १८८५ ला न्यूयॉर्कच्या हेल गेटमधला फ्लड रॉक नावाचा खडक उडवला, त्यात डायनामाइटच्या जोडीला मुख्यतः हेच होतं, मिळून सुमारे ३ लाख पौंड. रॅकरॉक गेलं, कल्पना राहिली. आजही मोठ्या उघड्या खाणींत टँकर येतो आणि भोकाच्या तोंडाशीच मिश्रण तयार होतं. रस्त्यावरून स्फोटक नेण्याचा धोका टळतो.

---

चंद्रपूरकरीण

सगळं उतरवून घेते आहे. आता एक वेगळा प्रश्न, थोडा घरचा. बाबांचं डोकं दुखायचं. रोज नाही. सुट्टीवरून परत गेले की. दिवाळीला गावी जायचो, परत आलो की पहिल्या शिफ्टनंतर ते येऊन अंधारात पडून राहायचे, टॉवेल बांधून. दोन-तीन दिवसांनी आपोआप थांबायचं. डॉक्टर म्हणायचे, खाणीतल्या हवेने. याचा कांड्यांशी संबंध असेल का?

---

रसायनी

असेल नव्हे, तेच आहे. नायट्रोग्लिसरीन कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. डोक्यातल्या वाहिन्या फुगल्या की ठणका. सोब्रेरोने जिभेवर कणभर ठेवून पाहिलं तेव्हाच त्याने या डोकेदुखीची नोंद केली होती. रोज हात लागत राहिला की दोन-तीन दिवसांत शरीराला सवय होते आणि दुखणं थांबतं. पण दोन दिवस सुट्टी घेतली की सवय मोडते, मग पुन्हा पहिल्यापासून. स्फोटकांच्या कारखान्यांत याला सोमवारचा आजार म्हणत. सवय मोडू नये म्हणून काही कामगार सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्टीत थोडंसं ठेवून फिरत.

लंडनच्या विल्यम मरेलने १८७९ मध्ये हेच अगदी अल्प मात्रेत छातीत कळ येणाऱ्या रोग्यांना देऊन पाहिलं. जिभेखाली ठेवायची गोळी आजही तीच. नोबेललासुद्धा शेवटी, १८९६ मध्ये, डॉक्टरांनी हृदयासाठी हेच लिहून दिलं होतं.

---

निवृत्त_खाणमाणूस

आमच्यातही नव्या पोराला पहिला आठवडा डोकं धरून बसावं लागे. जुने म्हणायचे, कांडी कपाळाला लावू नको, घाम पुसताना हात कपाळाला नेऊ नको. का ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण गोष्ट खरी होती. २००४ पासून नायट्रोग्लिसरीनवाली स्फोटकं आपल्या देशात बंद झाली. त्यानंतर भरती झालेल्या पोरांना हे डोकं माहीतच नाही.

---

चंद्रपूरकरीण

काल आईला फोन केला. तिला हे सगळं वाचून दाखवलं, टोपीची पट्टी, सोमवार, सगळं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझं पण दुखायचं."

कधी, म्हटलं. तर म्हणाली, धुण्याच्या दिवशी. बाबांचे कामाचे कपडे ती वेगळे ठेवायची, कोळशाने बाकीचे काळे व्हायला नकोत म्हणून, आणि आठवड्यातून एकदा नळाजवळच्या दगडावर एकदमच धुवायची. खिसे उलटे करून आतून घासायची, खिशातच जास्त घाण असते म्हणून. संध्याकाळी कपाळाला पदर आवळून स्वयंपाक. तिला वाटायचं, उन्हात बसल्याने होतं. शेजारच्या काकूंचंही दुखायचं, त्यांचेही यजमान शॉटफायरर. दोघी मिळून सुंठ उगाळून लावायच्या.

काका, घरच्यांनी कपडे कसे हाताळावेत याबद्दल तुम्हाला कधी काही सांगितलं होतं का?

---

निवृत्त_खाणमाणूस

नाही. हात धुवा, जेवणाआधी साबणाने धुवा, एवढं ट्रेनिंगमध्ये होतं. कपडे घरीच जायचे. आमच्याकडेही सौ. धुवायची. आज तिला विचारलं, तीही तेच म्हणाली, आणि तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.